मोबाईलवरचे गेम आणि आपली पोरं : तुमच्या घरचा अनुभव सांगा

जळगाव, एक आई

मे महिना, बाहेर 44, खिडक्यांना ओले पडदे, कूलर चालू आणि सकाळी 10 पासून संध्याकाळी 6 पर्यंत पोरगं घरातच. बाहेर खेळायला जा म्हणायची सोय नाही, गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मग मोबाईल. आमच्याकडे यावरून रोज वाद, सासूबाई म्हणतात फेकून दे तो, हे म्हणतात सुट्टी आहे खेळू दे, आणि मधे मी. म्हणून विचारतेय. चांगलं की वाईट यावर भाषण नको, तुमच्या घरात काय झालं तेच लिहा, मूल किती वर्षांचं, काय खेळतं, तुम्ही काय केलंत.

आधी माझं. मुलगा 11 चा, माइनक्राफ्ट खेळतो, चौकोनी ठोकळ्यांनी घरं, शेतं बनवायचा गेम. सासरे रावेरकडचे, सगळं आयुष्य केळीत गेलं. परवा दुपारी त्यांनी पाहिलं की हा स्क्रीनवर शेत करतोय, तर जवळ बसून विचारलं, "आरे, हाई काय करी राहिना?" तो म्हणाला, आबा, पाण्याचा एक चौकोन मधे ठेवला की चारी बाजूंना 4-4 चौकोन माती ओली राहते, कडेला ठेवलं तर अर्धं पाणी फुकट. आबा जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, आपल्या ठिबकचं पण तेच, पाणी मुळाशीच पडलं पाहिजे. आणि दोघं वही घेऊन बसले, 5 बाय 5 फुटांवर केळी लावली तर एकरात किती खोडं बसतील, एकराचे 43,560 चौरस फूट भागिले 25, उत्तर 1742. शाळेचा भागाकार म्हटलं की रडणाऱ्या पोराने हा स्वतःहून केला, तासभर मोबाईल पालथा पडून होता. रोज असं होत नाही हेही सांगते, बाकीच्या दिवशी जेवायला सहा हाका माराव्या लागतात.

भुसावळ, रेल्वेत नोकरी

ताई, आमचं वेगळं झालं. माझी ड्युटी रात्रपाळीची, मुलगा तेव्हा 14 चा. गॅसचं बुकिंग, लाईट बिल सगळं तोच करून द्यायचा त्यामुळे यूपीआयचा पिन त्याला पाठ, आणि मलाच कौतुक की पोरगं हुशार आहे. एक दिवस पासबुक भरून आणलं तर 80, 240, 400 अशा रकमांची रांग लागलेली, दोन महिन्यांत साडेअठरा हजार. बंदुकीच्या गेममधले कपडे अन् बंदुकीचे रंग घेतले होते. मी त्याला मारलं. आज लिहिताना पण हात थरथरतो. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही आणि नंतर आईला म्हणाला, सगळ्यांकडे होतं, माझ्याकडेच नव्हतं, मला टीममधे घेत नव्हते. तेवढं आधी मला कळलं असतं तर. पिन बदलला, प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला. सगळ्यांनी आजच लावा भो, दोन मिनिटांचं काम आहे.

अमळनेर, हायस्कूलला शिकवते

2020 मधे आपणच पोरांच्या हातात मोबाईल दिले, ऑनलाइन वर्गासाठी. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला पबजी या बंदुकीच्या गेमवर बंदी आली, पालक खूश झाले, आठवड्याभरात पोरं दुसऱ्या गेमवर. म्हणजे एक गेम गेल्याने काही होत नाही. वर्गात मला कळतं कोण रात्री दोनपर्यंत जागलंय, पहिल्या तासाला डोळे उघडे पण नजर कुठेच नसते. झोप, माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

अजून एक, पालकांना कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अशा गेमची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मधेच थांबवता येत नाही, बाहेर पडलं की टीम हरते आणि शिव्या याला. आपण "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हणतो आणि तिथेच भांडण पेटतं. "ही मॅच संपली की ठेव, दुसरी चालू करू नको" असं म्हणून बघा, माझ्या घरी एवढ्याने निम्मी भांडणं कमी झाली. आणि लगेच व्यसन व्यसन म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधे गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, पण त्यात साधारण 12 महिने हे चाललेलं पाहिजे, खेळावरचा ताबा सुटलेला पाहिजे, बाकी सगळं मागे पडलेलं पाहिजे. तसं दिसलं तर मात्र ओरडत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

चोपडा, शेती

चीनमधे 2021 पासून 18 च्या आतल्यांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री 8 ते 9. मी वाचलं आणि घरी तोच नियम केला. पोरगं काकाच्या घरी जाऊन खेळायला लागलं. वाडा एकच, भिंत मधे, कुठवर राखण करणार? मग भावाशी बोललो, दोन्ही घरांत एकच नियम, संध्याकाळी उन्हं उतरली की मोबाईल घरात अन् सगळी पोरं शाळेच्या मैदानावर. दोघं बोललो तेव्हाच जमलं.

धुळे, चष्म्याचं दुकान

थोडक्यात लिहितो. सात-आठ वर्षांची पोरं मायनस नंबर घेऊन येतात. नुसता गेमलाच दोष देत नाही, जवळचं बघणं खूप आणि उजेडात बाहेर खेळणं कमी, दोन्ही मिळून होतं. उन्हाळ्यात सकाळी 7 ते 9 तरी पोरं बाहेर काढा.

शहाद्याची, आता नाशिकला कॉलेजात

इथे सगळे आई-बाबा लिहितायत, मी खेळणारी होते म्हणून लिहिते. आठवीत होते, दादाच्या मोबाईलवर खेळायचे. गेममधे माईकवर मुलीचा आवाज ऐकला की समोरचे अनोळखी लोक घाण बोलायचे. एकाने रोज मेसेज सुरू केले, शाळा कुठली, फोटो पाठव. मी घरी सांगितलं नाही. का, तर सांगितलं की पहिला मोबाईल जाणार, आणि तू खेळतच कशाला होतीस हे माझ्याच माथी. तीन महिने एकटीने सहन केलं. शेवटी दादाला सांगितलं, त्याने माझ्यासमोरच त्या माणसाला ब्लॉक केलं, रिपोर्ट केलं, अनोळखी लोकांचा आवाज बंद कसा करायचा ते दाखवलं आणि मोबाईल परत माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी दादाला सगळं सांगते. माझ्या वर्गातल्या दोघींनी अजून घरी सांगितलेलं नाही.

जळगाव, एक आई

बाळा, तुझं वाचून आत्ता लेकाजवळ जाऊन बसले. कोणाशी खेळतोस विचारलं, त्याने सहा नावं दाखवली, त्यातल्या चौघांना मी ओळखते. उरलेल्या दोघांचं रात्री जेवताना सांगतो म्हणालाय.