मदत हवी आहे: आडवं पडल्या पडल्या २२ महिन्यांच्या मुलीला कसं रमवू?

नमस्कार. माझी मुलगी २२ महिन्यांची आहे आणि मला पुन्हा दिवस गेलेत, अकरावा आठवडा चालू आहे. सकाळ कशीबशी निभते. दुपारी ती झोपली की मीही पडते. खरी कसोटी चार ते सात. तेव्हा घरात आम्ही दोघीच. मला मळमळत असतं, हातपाय गळून जातात, आणि ती नुकतीच झोपून उठलेली असल्यामुळे तिला दुप्पट हुरूप असतो. डॉक्टरांनी तपासलंय, रक्त ठीक आहे. पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्याने असा थकवा येतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे हे दिवस निभावून न्यायचे आहेत.

काल मात्र मी घाबरले. पलंगावर पडले होते, कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली ती तिच्या बोटाने. माझी पापणी वर उचलून ती आत डोकावत होती, "आई, उथ." बघते तर कपाटाचा खालचा खण रिकामा आणि तिच्या हातात शिवणाच्या बटणांची डबी. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. त्यानंतर रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत होतं.

खेळणी भरपूर आहेत. ती टोपली पालथी करते आणि दोन मिनिटांत परत माझ्या अंगावर. पुस्तक वाचून दाखवलं तर एकच पुस्तक पुन्हा पुन्हा हवं असतं, आणि ओळी वाचताना माझी मळमळ वाढते. मोबाईल दिला की अर्धा तास शांतता, पण काढून घेताना जो आकांत होतो तो तिलाही सोसत नाही आणि मलाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांची होईपर्यंत बसून स्क्रीन बघणं नकोच आणि पुढेही दिवसाला तासाभराच्या आत. हे माहीत असूनही रोज हात मोबाईलकडे जातो आणि मग मन खात राहतं.

मी जागची न हलता तिला रमवता येईल असं काय करू? यातून गेलेल्यांनी सांगाल का?

प्रतिसाद १

माझ्या दोन मुलांत दोन वर्षांचंही अंतर नाही, त्यामुळे तुमची संध्याकाळ मला नीट दिसतेय. आधी खोलीचं बघा, खेळ नंतर. डोळा लागणार हे धरूनच चाला. एकच खोली ठरवा, तिच्या हाताला लागेल ते सगळं वर हलवा, जड कपाट भिंतीला पक्कं करून घ्या, दार लावा आणि तुम्ही पलंगावर न पडता खाली जमिनीवर गादी टाकून पडा. तुम्ही खाली आलात की तिचं अर्धं काम होतं, कारण तिला खेळण्यांपेक्षा तुम्ही हव्या असता.

ती उठल्या उठल्या पहिली दहा-पंधरा मिनिटं पूर्ण तिची. मोबाईल लांब, घरकाम नाही, फक्त ती. तेवढं मिळालं की मूल थोडा वेळ आपलं आपण खेळतं. मी उलट करायचे, आधी तिला टाळायचे आणि मग ती तासभर चिकटून राहायची.

पडून खेळायचं म्हणाल, तर आमच्याकडे सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे "आण आणि ने". या वयात मुलांना वस्तू इकडून तिकडे वाहून न्यायला फार आवडतं. खोलीच्या एका कोपऱ्यात मोज्यांचा ढीग, माझ्या उशाशी रिकामी बादली. एकेक मोजा आणायचा, मला दाखवायचा, मी रंग सांगायचा, बादलीत टाकायचा. संपले की बादली ओढत नेऊन परत ओतायची. मी फक्त "निळा" एवढंच म्हणायचे, तेही डोळे मिटून. आजारी-आजारीही चालतो: तुम्ही पेशंट, ती पांघरूण घालणार.

प्रतिसाद २

मी बाबा आहे, घरी मुलाला मीच सांभाळतो. खेळणी कमी करा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाने २०१८ मध्ये १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांवर अभ्यास केला होता. समोर १६ ऐवजी ४ खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मी बाकीची पेटीत बंद करून ठेवतो आणि आठवड्याने बदलतो. जुनी गाडी परत दिसली की नवी असल्यासारखा तिच्यामागे असतो.

वस्तूच्या आकाराचा एक अंदाज: टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळीत जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. आणि चपट्या गोल बॅटऱ्या शोधून काढा, रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी सगळीकडे. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजू शकते.

टबात पाणी आणि एक प्लास्टिकचा मग दिलात तर अर्धा तास सहज जातो.

प्रतिसाद ३

पाणी यांना नको. ज्यांना डोळा लागायची धास्ती आहे त्यांनी मुलाजवळ पाण्याचं भांडं ठेवूच नये. चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि बहुतेक वेळा आवाजही होत नाही. पाण्याचा खेळ घरात दुसरं कुणी जागं असेल तेव्हाच.

प्रतिसाद २

बरोबर आहे. मी स्वतः शेजारी बसलेला असतो म्हणून ते लक्षात आलं नाही. पाण्याचं सोडून द्या.

धागा उघडणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय. गादी खाली आली, बटणं माळ्यावर गेली, रिमोट उंच फळीवर. मोज्यांचा खेळ पहिल्या दिवशी तिला कळलाच नाही, ती सगळे मोजे माझ्या तोंडावर टाकत होती. काल मात्र वीस मिनिटं एकटीने वाहत होती, आणि शेवटी बादलीतला एक मोजा काढून माझ्या पायात घालायला बसली. टाचेपाशी अडकला तरी सोडेना. मोबाईल चारातले दोन दिवस दिला नाही, दोन दिवस दिला.

अजून एक अडचण राहिलीय. साडेसहानंतर ती स्वतःच दमते, मग कुठलाच खेळ नको असतो, नुसती कडेवर घे म्हणते. मला उभं राहवत नाही. बसल्या जागी मांडीवर घेतलं तर चालत नाही, तिला चालणारी आई हवी असते. त्या अर्ध्या तासाला कुणी काय केलंय?