अनुभव धागा: जुन्या बाजारातला माल – उचलताना काय बघता?

कुंभारवेशीकर (धागाकर्ते)
पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, मुंबईत चोर बाजाराची पथारी शुक्रवारी पहाटे. घरी वापरायला घेणाऱ्याला वस्तू आवडली की पुरे. पुन्हा विकायला उचलणाऱ्याने आधी एकच आकडा काढायचा: गिऱ्हाईक मिळालंच नाही तर मोडीत किती येतील? त्यानंतर घासाघीस. ज्याला ज्या मालातलं कळतं त्याने तेवढंच लिहा. ‘एकदा काय झालं’ नको. बोट कुठे लावायचं आणि माणूस फसतो कुठे, ते येऊ द्या.

कल्हईवाला
तांबं-पितळ. खिशात चुंबक आणि ताणकाटा. वरून पितळी दिसणारं लोखंड चुंबकाला लगेच सापडतं. हंड्याच्या कड्या, बंबाची जाळी बहुतेक लोखंडी असतात. तेवढं वजन वजा करून मगच पितळेचा भाव लावा. समईच्या बुडात लाख किंवा माती भरलेली असू शकते. टिचकी मारा. बद्द आवाज आला तर काट्यावरचं वजन धरू नका.

बंब घेताना मधली, विस्तवाची नळी महत्त्वाची. काठोकाठ पाणी भरून दहा मिनिटं कोऱ्या वर्तमानपत्रावर ठेवा. तोटी गळत असेल तर काम किरकोळ. नळीच्या सांध्यातून थेंब आला तर नुसता कथलाचा डाख (सांधा) मारून विकू नका. पाणी कमी असताना विस्तव पेटला की तो सुटतो आणि बंब परत येतो.

आंबट शिजवायच्या भांड्याला कल्हई करूनच विका. ते रिकामं गॅसवर ठेवायचं नाही हे गिऱ्हाइकाला सांगा, कल्हई कथलाची, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. आणि बफिंग (मशीनवर घासून चकाकी आणणं) टाळा! भांड्यावर घातलेलं नाव आणि साल त्याने पुसट होतं, जास्तीचे पैसे तर त्याचेच मिळतात. चिंच आणि मीठ, बास.

चावीवाला
एचएमटीची घड्याळं. कंपनीने घड्याळं १९६१ पासून काढली, घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ चा, त्यामुळे माल पुष्कळ आहे. तेवढ्याच पुष्कळ रंगवलेल्या डायली. चकाचक नारिंगी, पोपटी डायलचं ‘पायलट’ मॉडेल बघून हुरळू नका. दहा पटीचं भिंग लावा: मूळ छपाईची अक्षरं रेखीव असतात, रंगवलेल्या डायलवर ती जाड, कडेला फुटलेली, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या. अशी डायल विकायची तर ‘डायल रंगवलेली आहे’ असं लिहूनच.

आता मशीन. चावी द्या. कितीही फिरवली तरी अडत नसेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली. पहिल्याच वळशाला अडली तर पूर्ण चावी दिलेलं घड्याळ बंद आहे, म्हणजे बहुधा तेल वाळलंय, ऑइलिंग-क्लिनिंगवर भागतं. डायल वर ठेवली की चालतं, उभं धरलं की थांबतं? बहुधा बॅलन्सच्या (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या) दांडीचं टोक झिजलंय. हे काम जाणणारे कारागीर कमी उरलेत, म्हणून असं घड्याळ फक्त सुट्या भागांच्या भावात घ्या. ‘जनता’ मॉडेलचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, मोबाइलवरच्या टाइमग्राफर (टिकटिक ऐकून चूक सांगणाऱ्या) अ‍ॅपमध्ये तो आकडा भरून दिवसाची चूक बघा. सर्व्हिसिंगनंतर मिनिटभराच्या आत आली तर विकायला ठीक.

सुतारपक्षी
वाड्यांचं सागवान घनफुटावर मिळतं. फूट लांबी गुणिले इंच रुंदी गुणिले इंच जाडी, भागिले १४४. सात फुटी ४×३ चा तुकडा ०.५८ घनफूट. पण चारही बाजूंनी पाव-पाव इंच रंधला की ३.५×२.५ उरतो, म्हणजे ०.४३. पाव माल भुश्श्यात! भाव या दुसऱ्या आकड्यावर ठरवा. चुंबक इथेही लागतो, आत मोडलेला खिळा रंध्याचं पातं खातो. भोकातून फिकट ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. तो नग बाकीच्या मालाजवळसुद्धा ठेवू नका. जुना तैलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

कसर
पुस्तकं. शीर्षकपानाची मागची बाजू वाचा. जुन्या मराठी पुस्तकांवर सालाऐवजी शक असतो. इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, शके १८७९ म्हणजे १९५७-५८. ‘पहिली आवृत्ती’ दिसली तरी पानं मोजा. बांधणीत सोळा पानांचा अख्खा फॉर्म गळलेला असतो आणि चाळताना कळत नाही. चित्रांची सुटी पानं आधी जातात. वाचनालयाचा शिक्का असेल तर शेजारी ‘रद्द’चा शिक्का शोधा. नसेल तर सोडून द्या, मग ते कितीही दुर्मीळ असो.

बोहारीण
मोबाइल: *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. फोनमधलं जुन्या मालकाचं खातं त्याच्यासमोर काढून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

भांडी-फर्निचर मात्र बाजारात येण्याआधी घरूनच उचलावं. मे महिन्यात बदल्या, दिवाळीआधी साफसफाई. सोसायटीच्या वॉचमनला आणि टेम्पोवाल्याला सांगून ठेवा. टेम्पो-हमाली प्रत्येक नगावर वाटून खरेदीतच धरायची. एका कपाटासाठी टेम्पो कधीच परवडत नाही.

कुंभारवेशीकर
बोहारीणताई, घरून घेताना साधी पावतीही करा: नग, रक्कम, तारीख, सही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मूर्ती, कोरीव काम शंभर वर्षांवरचं, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांवरचं असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो: धंदा करायला परवाना हवा, परदेशी पाठवायचं तर नावच नको.

चावीवाला
@कसर, भिंग पुस्तकालाही चालतं. खोडलेला शिक्का टॉर्च तिरपा धरला की कागदावर उमटलेला दिसतो.