मेलोड्रामा: त्या जूनमध्ये तुम्ही कुठे होतात?

मंडळी, गायिका लॉर्ड आणि मी एकाच वर्षीच्या, १९९६ च्या. तिचं 'रॉयल्स' हे गाणं २०१३ मध्ये अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, तेव्हा मी रुपारेल कॉलेजला बारावीत होते. न्यूझीलंडमधली आपल्याच वयाची एक मुलगी जगाला असं धडधडीत काहीतरी ऐकवते, याचा तेव्हा कोण अभिमान वाटायचा. जणू ती आमच्याच वर्गातली. मग चार वर्षं तिचा नवा अल्बमच आला नाही.

१६ जून २०१७ ला 'मेलोड्रामा' आला. शुक्रवार होता. टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, एका खोलीत पाच माणसं. एकटं बसायला जागाच नव्हती, त्यामुळे इयरफोन हीच माझी खोली. रात्री सगळे झोपल्यावर गॅलरीत चटई टाकली आणि कठड्याला पाठ लावून अकराच्या अकरा गाणी ऐकली. हा अल्बम एका घरातल्या पार्टीच्या एका रात्रीभोवती रचलेला आहे: नाचणं, पिणं, मन मोडणं, पहाटे एकटीने घरी येणं. अशी पार्टी मी कधी पाहिलीच नव्हती. ती होईल एवढं घर ओळखीत कुणाचं नव्हतं. तरी पहाटेच्या त्या एकटेपणातलं अक्षर न् अक्षर माझं होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी आता कॉलेजातली मुलगी राहिले नाही.

म्हणून हा धागा. तुम्ही 'मेलोड्रामा' कधी ऐकलात, कुठे, आणि तेव्हा तुमचं काय चाललं होतं? आवडला नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

ताळेबंद (ठाणे)

माझी तेव्हा सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी चालू होती. फोर्टातलं एक जुनं ऑफिस, जिन्यात कायम ओल. सकाळची ठाण्याहून सुटणारी फास्ट पकडायची. अल्बम ४१ मिनिटांचा आहे आणि ठाणे ते सीएसटी जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. रोज जाताना एकदा, येताना एकदा.

'लायबिलिटी' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा लिहायचे. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी, आणि दोन्ही जुळलं पाहिजे. आणि ही मुलगी त्याच नावाच्या गाण्यात नुसत्या पियानोवर सांगतेय की लोकांना मी झेपत नाही, मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं आहे. मग ती घरी जाते आणि स्वतःशीच नाचते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलुंडच्या आसपास गाडी थांबली होती आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. तेव्हा सीएच्या इंटर परीक्षेत माझा एक ग्रुप (विषयांचा एक गट) राहिला होता. घरात कुणी बोलत नव्हतं. बाबा जेवताना ताटाकडे बघायचे. मी त्या घराच्या कुठल्या बाजूला लिहिली गेलेय ते मला समजत होतं.

त्या गाण्यात ड्रम नाहीत, मागे कोरस नाही. तिच्या पहिल्या अल्बमात तिचाच आवाज थरावर थर लावून गर्दी केलेली असायची. इथे ती एकटी आहे आणि श्वास घेतल्याचंही ऐकू येतं. माझ्या मते ती मोठी झाली ती इथे.

(ग्रुप पुढच्या प्रयत्नात निघाला. गाणं अजून फोनमध्ये आहे.)

रात्रपाळी (बोरिवली)

मी पूर्ण अल्बम ऐकलेला नाही, खरं सांगते. फक्त त्यातलं 'सुपरकट' हे गाणं माहीत आहे. वॉर्डमधली रात्रपाळी संपली की घरी येऊन चहा टाकताना तेच लावते. आठवणीत माणूस नेहमी प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो, हे त्यात किती वेगात धावत येतं! एवढंच.

फेडर (अंधेरी पश्चिम)

मी ध्वनिमुद्रण करतो, जास्त करून जाहिरातींच्या जिंगल्स. त्यामुळे माझा अनुभव थोडा कारागिराचा आहे, सांभाळून घ्या.

२ मार्च २०१७ ला या अल्बममधलं 'ग्रीन लाइट' हे गाणं आलं तेव्हा स्टुडिओत आम्ही तिघं होतो. सुरुवातीला पियानोचे जड सूर आणि तिचा खालच्या पट्टीतला, कडवट झालेला आवाज. आणि मग काही वर्दी न देता पट्टीच बदलते. उजळ, नाचरा पियानो सुरू होतो. शब्द अजून दुखावलेलेच आहेत, पण खालची जमीन हसायला लागलीय. ठेका तर तुम्हाला वाटतो तिथे पडतच नाही, तो येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. आमच्यातला जो तबला शिकलेला होता तो म्हणाला, "समेची वाट बघायला लावते राव ही!"

पुढे तिच्या मुलाखतीतून कळलं की मॅक्स मार्टिनने हे गाणं ऐकून याला चुकीचं गीतलेखन म्हटलं होतं. वीसेक वर्षं जगभरची पॉप गाणी ज्याच्या नियमांवर चालली, तो माणूस. टोमणा नव्हता तो, नियमाला धरून केलेलं निरीक्षण होतं, असं तीच सांगते. तिने ऐकून घेतलं आणि गाणं तसंच ठेवलं. वीस वर्षांच्या मुलीने! मला त्या वयात मोठ्या माणसाने भुवई उंचावली तरी मी ट्रॅक पुसून टाकायचो.

पहिला अल्बम तिने ऑकलंडमध्ये निर्माता जोएल लिटलबरोबर केला होता. त्यात जागा खूप मोकळी: बास, चुटक्या आणि आवाज. दुसरा, म्हणजे 'मेलोड्रामा', निर्माता जॅक अँटोनॉफबरोबर, बराचसा न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घरातल्या स्टुडिओत. आता पियानो आला, तुतारीसारखी वाद्यं आली, 'हार्ड फीलिंग्ज' या गाण्याच्या मधोमध तर लोखंडावर लोखंड घासल्यासारखे आवाज येतात. पहिल्यांदा मला वाटलं हेडफोन गेला. गायक मोठा झाला की वाद्यं वाढवतो हे नेहमीचं आहे, त्यात मला विशेष वाटत नाही. इथे वाढवलेली वाद्यं तिचा संताप वाहून नेतात, आणि जिथे संताप संपतो तिथे ती गप्प होतात. हे जमायला कान लागतो.

त्या आठवड्यात एका जिंगलचं काम चालू होतं. ग्राहकाचं म्हणणं, ठेका तिसऱ्या सेकंदाला आलाच पाहिजे. मी पहिल्यांदा नाही म्हणालो. सातव्या सेकंदाला आणून दाखवला. त्यांनी तिसऱ्याच सेकंदाला घेतला, पण मी नाही म्हणालो होतो.

चारकोप बसस्टॉप

माझं मत वेगळं आहे. सगळे 'परिपक्व' म्हणतात तो शब्दच मला पटत नाही. तिचा पहिला अल्बम 'प्युअर हिरोइन' आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तेव्हाच तिला सगळं दिसत होतं. हिरेमाणकं, महागड्या गाड्या, यातलं काही आमच्या वाट्याचं नाही आणि नको आहे, हे ती ज्या थंडपणे म्हणाली तसं कुणीच म्हटलं नव्हतं. आम्ही चारकोपची पोरं, दोन बस बदलून कॉलेजला जाणारी. तो अल्बम आमचा होता. 'मेलोड्रामा'त ती रडते, ओरडते, कुणाला तरी फोन करते. सोळाव्या वर्षी ती म्हातारी होती, विसाव्या वर्षी तरुण झाली. मला ती म्हातारी मुलगी हवी होती. राग मानू नका, पण मी तो अल्बम अजूनही पूर्ण ऐकू शकत नाही.

*धागाकर्ती:* दादा, राग कसला, तुमचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. पण मला नेमकं त्याच कारणासाठी ती मोठी झाली असं वाटतं. सोळाव्या वर्षी ती भिंतीला टेकून उभी होती आणि नाचणाऱ्यांकडे बघत होती. तिथून सगळं स्वच्छ दिसतं. विसाव्या वर्षी ती त्यांच्यात उतरली, धडपडली आणि धडपडले असं म्हणाली. मी स्वतः किती वर्षं भिंतीला टेकून काढली ते मला माहीत आहे, म्हणून हे इतकं ठासून लिहितेय.

निळा रंग (जे.जे.ची माजी विद्यार्थिनी)

मी अल्बम घेतला तो मुखपृष्ठामुळे. ते छायाचित्र नाही, सॅम मॅकिनिसने केलेलं रंगचित्र आहे. अंथरुणात पडलेली लॉर्ड, चेहऱ्यावर निळा उजेड, आणि गालाच्या कडेला कुठूनतरी आलेली ऊब. तिला आवाज रंगात दिसतात हे तिने अनेकदा सांगितलंय. आमच्या वर्गात रात्रीचं व्यक्तिचित्र रंगवताना सगळे काळ्याने सुरुवात करायचे. मी त्या पावसाळ्यात काळी ट्यूब बाजूला ठेवली. त्वचेच्या सावलीत निळा घालायची हिंमत मला या चित्राने दिली. सर काही बोलले नाहीत, फक्त बराच वेळ बघत राहिले.

पार्ल्याची आई

मी पन्नाशी ओलांडलेली, भावगीतांवर वाढलेली. इंग्रजी गाणी माझ्या कानांवरून जायची. २०१७ च्या पावसाळ्यात माझ्या लेकीचं एक नातं तुटलं. तिने मला सांगितलं नव्हतं, पण आईला कळतं. दार लावून घ्यायची आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा. एकदा वरण-भात घेऊन आत गेले आणि म्हटलं, "मलाही ऐकव की गं." तिने इयरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात घातलं. 'मेलोड्रामा'तलं 'रायटर इन द डार्क' होतं ते.

मला शब्द लगेच लागले नाहीत. लेकीने थांबवून थांबवून अर्थ सांगितला. लिहिणाऱ्या बाईवर प्रेम केलंस, आता पस्तावशील, असं काहीसं. आणि त्यातच ती म्हणते की मी माझ्या आईची लेक आहे, म्हणून श्वास थांबेपर्यंत प्रेम करीन. इथे आवाज असा वर चढतो की सुंदर राहण्याची फिकीरच सोडून देतो. लेक सांगताना थांबली. मीही काही बोलले नाही. वरण-भात गार झाला.

नंतर तिनेच सांगितलं की त्या गाणाऱ्या मुलीची आई, सोन्या येलिच, कवयित्री आहे. मला बरं वाटलं. शब्दाला किती वजन द्यायचं हे घरातून आलेलं दिसत होतं. आमच्या भावगीतात गाणारा शब्दावर पाय देऊन पुढे जात नाही, थोडं टेकतो. ही पोरगीही टेकते. पुढच्या जानेवारीत ग्रॅमीच्या सर्वोत्तम अल्बमसाठी पाच जणांत ती एकटीच बाई होती. आम्ही मायलेकी सकाळी लवकर उठून टीव्हीसमोर बसलो होतो. ब्रुनो मार्सला मिळालं. लेक म्हणाली, "जाऊ दे, आई." त्या 'जाऊ दे'त पूर्वीसारखं रडू नव्हतं.

लेडीज डबा (कळवा)

२९ ऑगस्ट २०१७. मुंबईकरांना तारीख सांगायची गरज नाही. सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये आमची गाडी उभी राहिली ती राहिलीच. रुळांवर पाणी, डब्यात दिवे कधी चालू कधी बंद. कुणाकडे पार्ले बिस्किटं होती, ती मोडून मोडून वाटली गेली. एक बाई दर दहा मिनिटांनी घरी फोन लावायची आणि लागत नव्हता. चाळिशीची असेल, मांडीवर डब्याची पिशवी, पदराने सतत हात पुसायची. घरी दोन लहान मुलं एकटी होती.

माझा फोन वीस टक्क्यांवर होता. नेटवर्क नव्हतंच, पण 'मेलोड्रामा' उतरवून घेतलेला होता. मी काय विचार केला माहीत नाही, एक इयरफोन तिला दिला. ती म्हणाली, "मला इंग्रजी नाही येत गं." मी म्हटलं, "नका समजू, नुसतं ऐका." शेवटचं गाणं होतं, 'परफेक्ट प्लेसेस'. रोज रात्री ती पोरं कुठलीतरी परिपूर्ण जागा शोधत हिंडतात, आणि शेवटी ती विचारते की या जागा म्हणजे असतात तरी काय. बाईंनी डोळे मिटले होते. पाय हलत होता, बारीक. मध्येच त्यांचा फोन वाजला आणि त्या अशा दचकल्या की इयरफोन माझ्या मांडीवर पडला. शेजारणीने पोरांना आपल्या घरी नेलं होतं. दोघं जेवून झोपली होती.

रात्री उशिरा आम्ही उतरलो आणि एकमेकींचे हात धरून रुळांवरून कुर्ल्याकडे चालत गेलो. पूल आल्यावर त्यांनी पर्समधून पासाचं पाकीट काढलं, पेन मागितलं आणि म्हणाल्या, "त्या पोरीचं नाव लिही इथे. मराठीत लिही."