12 इंची सबवूफरचं पोर्टेड खोकं: पाइप किती लांब ठेवू?

प्रश्न, वेंगुर्ल्याहून:
घर चिऱ्याचं, वर कौलं. चतुर्थीला आमच्याकडे भजन असतं, एरवी मी बेस गिटार वाजवतो. तीन वर्षांपूर्वी 12 इंची ड्रायव्हरसाठी (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) एमडीएफचं खोकं केलं. आतून 50 लिटर. घरात उरलेल्या 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा 10 सेंमीचा तुकडा पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करायचं तोंड, म्हणून लावला. आवाज मोठा येतो, पण एकच. पखवाजाचा धुमा (खर्जाची बाजू) काय आणि गिटारची तार काय, सगळ्याचा तोच 'बुंम'. सर्वांत खालची तार, 41 हर्ट्झची, ऐकूच येत नाही. कोन (स्पीकरचा पडदा) मात्र जीव खाऊन हलतो. या पावसात एमडीएफ खालून फुगलं, स्क्रू गंजले. आता नवीन करायचंय: आतून 40×40×50 सेंमी. याच पाइपचा केवढा तुकडा घेऊ? आणि तो बाजूच्या पाट्यातून काढला तर चालेल का?

उत्तर, रत्नागिरीहून:
कोनचा दोष नाही, पाइप आखूड आहे. कळशी भरत आली की तिचा सूर चढतो ना, कारण आतली हवा कमी होते. खोक्याचंही तसंच. हवा कमी किंवा पाइप आखूड, की सूर वर जातो.

हिशेब असा: पाइपच्या आतल्या व्यासाचा (सेंमी) वर्ग गुणिले 23562, त्याला खोक्याचे लिटर आणि ट्यूनिंगचा (खोकं ज्या हर्ट्झला लागतं त्याचा) वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचं, मग व्यासाची 0.73 पट वजा करायची. उरते ती पाइपची लांबी, सेंमीत. 110 हे बाहेरचं माप, आतून साधारण 10.4 भरतं. यात तुझे आकडे घातले तर जुनं खोकं 54 हर्ट्झला लागलेलं निघतं. म्हणून 54 च्या आसपास सगळं फुगतं. त्याच्या बरंच खाली गेलं की आतल्या हवेचा कोनवरचा दाब सुटतो, तो मोकाट हलतो आणि आवाज काही येत नाही.

नवीन खोकं 80 लिटर दिसतं, पण ड्रायव्हर, पाइप आणि आतल्या पट्ट्या वजा केल्या की 70 धर. 32 हर्ट्झसाठी 28 सेंमी. बाजूने खुशाल काढ, 32 हर्ट्झची लहर जवळजवळ 11 मीटरची असते, तिला पुढची बाजू नि मागची बाजू सारखीच. फक्त 50 सेंमीच्या दिशेने घाल, म्हणजे आतलं टोक भिंतीला चिकटणार नाही. आवाज वाढवल्यावर पाइप फसफसेल, त्यासाठी दोन पाइप लावायचा मोह होईल. पण दोन लावलेस तर प्रत्येकी 63 सेंमी लागतील, खोक्यात मावणार नाहीत. त्यापेक्षा तोंडाची कड गोल घास. अ‍ॅम्पला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असेल तर 27-28 हर्ट्झला लाव. हे विसरू नको, कोन त्यावरच वाचतो.

उत्तर, हर्णैहून:
मी सुतारकाम करतो. समुद्राकाठी एमडीएफ घेऊच नका, दादा. 18 मिमीचा सातशे दहा नंबरचा मरिन प्लाय घ्या, स्क्रू स्टेनलेसचे. कापलेल्या कडांना आधी सीलर द्या, ओल तिथूनच शिरते. सांधे आतून भरून घ्या, फटीतून हवा गेली तर वरचा सगळा हिशेब फुकट. आणि खाली दोन इंची पाय लावा, जमिनीची ओल चढणार नाही.

वेंगुर्ल्याहून पुन्हा:
प्लायचं खोकं झालं. पाइप मुद्दाम 32 सेंमी ठेवला होता. फोनवरून एकेक हर्ट्झचा सूर सोडून कोनवर बोट टेकवत गेलो, 30 ला तो जवळपास थांबला आणि पाइपच्या तोंडाशी धरलेला कागद उडायला लागला, म्हणजे खोकं 30 ला लागलं होतं. आवाज पाइपमधून येतो हे तेव्हा हाताला कळलं. साडेतीन सेंमी कापले. खालची तार आता वेगळी ऐकू येते. काल शेजारच्या काकांनी पखवाज आणला होता. धुम्याला लावलेली कणीक थोडी कमी केली, तर तो फरकसुद्धा खोक्यातून ओळखता आला. फसफस थोडी आहे, आज कड घासतो.