हातावरच्या शिरा: नुसत्या दिसणाऱ्या आणि दुखणाऱ्या

वजन उतरल्यापासून हातावरच्या शिरा टरारून दिसतात, अशक्तपणा असेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या दिसत असतील तर घाबरू नका. कातडीखालची चरबी कमी झाली की शिरा उघड्या पडतात. वयानुसार कातडी पातळ होते, तेव्हाही तेच. उन्हात किंवा व्यायामानंतर शरीर उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवतं, म्हणून दुपारी फुगलेल्या शिरा पहाटे दिसतही नाहीत.

घरी एक करून बघा. हात खाली सोडा, शिरा भरतील. मग डोक्याच्या वर धरा, काही सेकंदांत त्या बसल्या पाहिजेत. तशाच राहिल्या तर दाखवून घ्या. एकच हात सुजला, जड झाला, निळसर पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खोल शिरेत गुठळी असू शकते. सोबत धाप लागली तर थेट इमर्जन्सी.

माझ्या आईला सलाईन लावल्यावर चार दिवसांनी मनगटापासून वर लाल, सुतळीसारखी कडक रेघ आली. नुसतं बोट टेकलं तरी कळ यायची. आम्ही तेल चोळत बसलो, ते चुकलंच. शिरेला सूज होती. डॉक्टरांनी आधी चोळणं थांबवलं, मग शेक आणि गोळ्या दिल्या.

आणि हो, वजन प्रयत्न न करताच उतरलं असेल, तर शिरांआधी त्याचं कारण शोधा. साखर आणि थायरॉईड तरी याच आठवड्यात तपासून घ्या.