शब्दचर्चा : 'फोर्थ डाउन'ला मराठीत काय म्हणावं?

अडगळ : अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासावरचा लेख मराठीत करायचाय. १९२० साली ओहायोतल्या कँटनमध्ये व्यावसायिक लीग निघाली, १९२२ मध्ये तिचं एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) झालं, इथवर सुरळीत. पुढे 'डाउन'पाशी गाडी अडली. चेंडू हाती असलेल्या संघाने चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं. 'चौथा प्रयत्न फसला' हे एमपीएससीच्या निकालासारखं वाटतं.

खोगडी : डाव! उच्चारही जुळतो.

शंकासुर : उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही. क्रिकेटचा डाव दिवसभर चालतो. डाउन बहुतेकदा दहा सेकंदांच्या आत आटोपतो. सेंटरने, म्हणजे रांगेतल्या मधल्या खेळाडूने, पायांमधून चेंडू मागे दिला की सुरू, चेंडूवाला पाडला, रेषेबाहेर गेला किंवा पास जमिनीवर पडला की खलास.

खोगडी : मग कुस्तीतला डाव घ्या.

शंकासुर : ती युक्ती. तिकडे त्याला 'प्ले' म्हणतात. मग 'तिसऱ्या डावाला कोणता डाव टाकला' असं लिहाल?

मधलीआळी : 'चढाई' का नको? प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. ताण तोच.

शंकासुर : तोच नाही. चौथ्या डाउनला संघ बहुधा पंट मारून, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ घालून, तो लांब पिटाळतो, कारण फसलं तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू जागच्या जागी मिळतो. कबड्डीत अशी पळवाट कुठाय?
मूळही बघा. पूर्वी चेंडूवाला पुढे सरकेनासा झाला की स्वतःच 'डाउन' ओरडायचा. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या संघांनी अर्धा अर्धा वेळ चेंडू नुसता कवटाळून ठेवला, सामना शून्यावर. म्हणून या खेळाचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कँपने १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये पाच यार्डांची अट आणली. दहा यार्ड १९०६ मध्ये, चौथा डाउन १९१२ मध्ये. दोन डाउनमधल्या त्या फटीत रिप्ले आणि बडबड बसते, म्हणून हा खेळ टीव्हीला मानवला. तेव्हा 'डाउन'च ठेवा.

पदर : 'डाउन' राहू द्या, पण 'यार्ड' कशाला? आपल्याकडे 'वार' आहे. दहा वार म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार जास्त.

मधलीआळी : एनएफएलचे बहुतेक सामने रविवारी. 'रविवारी दहा वार' वाचून लोक पोलिसांत जातील.

पदर : मग गज. दर पाच यार्डांवर रेघा मारलेल्या मैदानाला ते ग्रिडायर्न म्हणतात, म्हणजे लोखंडी जाळीच. गज शोभतील.

खोगडी : खिडकीला. आणि ती मोजायची चेन? दोन काठ्यांमध्ये दहा यार्डांची असते. तिला सरळ 'साखळी' म्हणा.

पदर : जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची, ही ३०ची. तलाठी ऐकणार नाही.

अडगळ : अहो, पण चौथ्या डाउनचं काय?

खोगडी : ३३ बाय ३३चा गुंठा धरला, तर दोन्ही टोकांच्या एंड झोनसकट (गुण मिळवायच्या पट्ट्यांसकट) अख्खं मैदान जेमतेम ५३ गुंठे भरतं.