तेलविहिरीवरचा गॅस जाळायला तात्पुरती सूट द्यावी का?

कळंबा_नाका
विहिरीतून तेलाबरोबर गॅसही वर येतो. तो न्यायला पाइपलाइन नसली की कंपन्या उंच चिमणीच्या टोकाला तो पेटवून देतात. हेच फ्लेअरिंग. टेक्सासमध्ये त्यावर बंधन आहे, पण तिथल्या रेलरोड कमिशनकडे (नाव रेल्वेचं, कारभार तेलाचा) अर्ज केला की १८० दिवसांपर्यंत सूट मिळते, पुढे वाढवूनही मिळते. २०१९ मध्ये तर विहिरी पाइपलाइनला जोडलेल्या असताना एक्सको कंपनीला जाळायची परवानगी दिली, कारण काय, तर गॅस विकणं परवडत नाही!

नायजेरियानं १९७९ ला कायदा केला. १ जानेवारी १९८४ पासून जाळणं बंद, मंत्र्यांची परवानगी असेल तरच चालू. चाळीस वर्षं उलटून गेली, तो देश अजून सर्वांत जास्त गॅस जाळणाऱ्या पहिल्या नऊ देशांत आहे. माझं मत, सूट फुकट देऊच नये. जाळलेल्या गॅसचे पैसे लावा, मुदतवाढीचे अर्ज आपोआप कमी होतील.

शिरोली_फौंड्री
भावा, लिहायला काय जातंय? टेक्सासचं मला माहीत नाही, भट्टीचं सांगतो. नियम कडक झाला की बॅग फिल्टरची (भट्टीचा धूर गाळणारी यंत्रणा) ऑर्डर द्यायची, बँकेनं कर्ज मंजूर करायचं, सप्लायरनं तारखेवर तारीख द्यायची. तोवर भट्टी विझवून पोरांना घरी बसवू? आणि ऑटो कंपनी कास्टिंगसाठी थांबत्येय होय! मधल्या काळाची सूट नसेल तर नियम फक्त मोठ्या भांडवलवाल्यांनाच झेपणार.

उरण_रिटर्न
समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. गॅस दाबून पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तरी खालून गॅस येतच राहतो. तो जाळायचा, नाहीतर हवेत तसाच सोडायचा, नाहीतर विहीर बंद करायची. विहीर म्हणजे घरचा नळ नव्हे. काही विहिरी बंद केल्या की परत पहिल्यासारख्या चालत नाहीत. आणि न जाळता सोडलेला मिथेन, म्हणजे या गॅसचा मुख्य भाग, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या वर. म्हणजे बिघाडाच्या वेळी जाळणं हाच कमी वाईट मार्ग. सूट नकोच म्हणणाऱ्यांनी प्लॅटफॉर्मवर एक रात्रपाळी करावी.

कळंबा_नाका
बिघाडाबद्दल वाद नाहीच, काका. अमेरिकेच्या २०२४ च्या मिथेन नियमातही तशा वेळेपुरती मुभा आहे. एक्सकोच्या विहिरीवर कुठला कॉम्प्रेसर पडला होता? बिघाडाचं कारण पुढे करून तोट्याची सोय करून घ्यायची, हे चालणार नाही.

आणि जाळलं म्हणजे सगळं जळतं हेही कागदावरच. हिशोबात ९८ टक्के मिथेन जळतो असं धरतात. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात टेक्सास आणि नॉर्थ डाकोटाच्या तेलपट्ट्यांवर विमानानं मोजमाप केलं, तर खरा आकडा ९१ च्या आसपास निघाला. काही चिमण्या तर विझलेल्याच होत्या, त्यांतून गॅस बिनबोभाट बाहेर जात होता.

उरण_रिटर्न
पायलटची ज्योत, म्हणजे गॅस पेटवायला चिमणीच्या टोकाशी सतत जळणारी छोटी ज्योत, वाऱ्यानं विझते, खरं आहे. दिवसा उन्हात फ्लेअर पेटलाय की नाही हे खालून नीट कळतसुद्धा नाही. थर्मोकपलचं (तापमान मोजणारा सेन्सर) रीडिंग बघावं लागतं. आणि रिमोट विहिरीवर ते बघणार कोण? पण याचा अर्थ मोजमाप सुधारा. सूट बंद करा असा होत नाही.

उसाकाठची_वहिनी
मोजमाप कोण करणार ते आधी ठरवा. आमच्याजवळ साखर कारखाना आहे, नाव घेत नाही. सीझन सुरू झाला की गच्चीवरच्या धुण्यावर बगॅसची (जाळलेल्या उसाच्या चोथ्याची) काजळी. हातानं झाडायला जावं तर काळी रेघच उठते, नुसतं झटकावं लागतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: यंत्रणा दुरुस्तीला काढलीय. कधी काढली, कधी बसवणार, गेटवर एक कागद लावत नाहीत. सूट देणारा मुंबईत, घेणारा कारखान्यात, आणि काजळी आमच्या वाट्याला. टेक्साससारख्या ठिकाणी चिमणीजवळ राहणाऱ्यांचंही असंच होत असणार.

पन्हाळा_पायथा
अमेरिकेला नावं ठेवण्याआधी घरचं बघा. औष्णिक वीज केंद्रांसाठी आपण डिसेंबर २०१५ ला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आणली, मुदत दोन वर्षं. मग २०२२. मग आणखी पुढे, तीही एकदा नाही. जुलै २०२५ मध्ये तर बहुतेक केंद्रांना त्यासाठीची गंधक काढायची यंत्रणा बसवण्यातूनच मोकळं केलं. आणि आपलं कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, विसरू नका. कौतुकाची नाही, हवा खराब असलेल्या शहरांची यादी आहे ती.

शिरोली_फौंड्री
यादीत आहे म्हणून सगळं फौंड्रीच्या माथी मारू नका. रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर कुठं गेला? बरं, ते राहू दे. पैसे लावा म्हणता, तर नायजेरियात गॅस जाळायला शुल्क होतंच की. काय फरक पडला?

कळंबा_नाका
शुल्क किती होतं ते बघा. गॅस साठवण्यापेक्षा ते भरणं स्वस्त पडत होतं. २०१८ ला दर वाढवले तेव्हा कुठे जरा चटका बसला. उलट नॉर्वे बघा, १९७० च्या दशकापासूनच नेहमीचं जाळणं बंद, गॅसचं काय करणार ते आधी सांगा मगच तेल काढा. १९९१ पासून वर कार्बन करही आहे.

उरण_रिटर्न
नॉर्वेत मोजकी मोठी फील्ड्स आणि पाठीशी सरकारी पैसा. टेक्सासात छोटे-छोटे ऑपरेटर रग्गड. एकच माप दोघांना कसं लागेल?

कळंबा_नाका
मग माप असं लावा: पहिली सूट पाइपलाइनच्या किंवा यंत्राच्या ऑर्डरची प्रत बघून. फ्लेअरवर मीटर, आकडे जाहीर. दुसऱ्यांदा मागितली तर दुप्पट दर.

उसाकाठची_वहिनी
आणि आकडे मराठीत, गेटवर.

शिरोली_फौंड्री
ऑर्डरची प्रत मान्य, गेटवरचा कागदही मान्य. दुप्पट दर नाही. सप्लायरनं उशीर केला तर तो भुर्दंड मी का सोसू, एवढं सांगा.